जाळरेषा कोणाच्या हद्दीत?

श्रोतेहो, माघ सरत येतो, डोंगरावरचं गवत पिवळं पडतं, आणि एखाद्या रात्री समोरच्या उतारावर लाल रेघ सरकताना दिसते. लांबून पाहणाऱ्याला ती दिवाळीच्या आराशीसारखी वाटेल. पण ज्याचं वैरणीचं गवत त्या माळावर उभं आहे, ज्याची काजू-आंब्याची कलमं त्या उतारावर आहेत, त्याच्या पोटात गोळा येतो. आजचं माझं बोलणं या वणव्याविषयी आहे. वणवा पेटल्यावर काय करायचं ते आपल्याकडची जुनी माणसं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी सांगणार आहे ते पेटण्याआधीचं: कोणी काय करायचं, कोणाच्या जमिनीवर करायचं, आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो. कायद्याचं नाव काढलं की माणसं उठून जातात, हे मी वर्गातही पाहतो. पण थोडा धीर धरा, कारण या कायद्यात तुमचं-आमचं नाव लिहिलेलं आहे.

प्रथम आपल्या डोंगराकडे बघू. समजा, सह्याद्रीच्या कुशीतलं एक गाव आहे. वस्तीच्या वर भाताची खाचरं, त्याच्या वर लोकांच्या मालकीचे वरकस माळ. माळाला लागून गायरान. गायरानाच्या कडेला गावाची देवराई. त्याच्या वर वनखात्याचं राखीव जंगल सुरू होतं ते डोंगराच्या धारेपर्यंत जातं. धारेच्या पलीकडे दुसरं गाव, दुसरा तालुका, कधी दुसरा जिल्हासुद्धा. माणसाच्या नजरेला हा एकच डोंगर दिसतो. पण कागदावर त्याचे पाच-सहा तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा. एकाचा सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, दुसऱ्यावर महसूल खात्याचा हात, तिसऱ्यावर ग्रामपंचायतीची देखरेख, चौथ्यावर वनरक्षकाची गस्त.

आग मात्र सातबारा वाचत नाही. तिला तीन गोष्टी कळतात: वाळलेलं गवत, वारा आणि चढ. यातली चढाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ज्वाला वर जाते, आणि तिची धग चढावरच्या गवताला आधीच तापवून, सुकवून ठेवते. म्हणून आग चढावर धावते आणि उतारावर रांगते. खालच्या माळावर कोणी बांध जाळायला लावलेली काडी पाहता पाहता राखीव जंगलात जाते ती याच कारणाने. आणि धारेवरून पलीकडे उतरायला तिला वेळ लागतो तोही याच कारणाने.

वणवा अडवायचा आपला जुना उपाय म्हणजे जाळरेषा. वनखात्यात हाच शब्द चालतो आणि गावातही कळतो. आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच कापायचा, किंवा सकाळच्या वेळी, वारा पडलेला असताना, हाताशी पाणी आणि ओल्या डहाळ्या ठेवून तो जाळून घ्यायचा. आग तिथवर येते, खायला काही सापडत नाही, आणि विझते. महाराष्ट्रात वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतं. म्हणजे जाळरेषेचं काम त्याच्या आत उरकलेलं असलं पाहिजे.

आता खरा प्रश्न. ही रेषा कुठे काढायची? चढाच्या मध्यावर काढलेली रेषा कुचकामी ठरते, कारण धावत येणारी आग ती ओलांडून जाते. रेषेची चांगली जागा म्हणजे डोंगराची धार, ओढ्याचा काठ, गाडीरस्त्याची कड. पण मालकीची हद्द बहुधा चढाच्या मध्यावरच असते. जिथे खाचरं संपतात आणि जंगल सुरू होतं, तीच जागा रेषेसाठी सगळ्यात वाईट! तात्पर्य असं, की माझी जमीन वाचवणारी जाळरेषा पुष्कळदा शेजाऱ्याच्या जमिनीवर काढावी लागते, आणि शेजाऱ्याचं जंगल वाचवणारी रेषा माझ्या माळावर.

आणि इथेच सगळं अडतं. शेतकरी कोयता घेऊन राखीव जंगलात शिरला आणि त्याने पट्टा साफ केला, तर परवानगीशिवाय जंगलात तोड केली म्हणून तोच गुन्हेगार ठरू शकतो. वनखात्याला जाळरेषेसाठी पैसे मिळतात ते आपल्या जंगलासाठी. खासगी माळावरचं गवत कापायला ते खर्च करायचे तर हिशेब तपासणारा विचारणार, हे कोणत्या खात्यातून? गायरानाला तर वाली कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत, आपापल्या परीने, चुकीच्या जागी काम करतो. कुणाची दानत वाईट नसते. पण वणवा लागतो तो लागतोच.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे जंगलाचा मुख्य कायदा आहे तो १९२७ सालचा भारतीय वन अधिनियम. इंग्रजांच्या अमदानीतला हा कायदा अजून चालू आहे. त्याचं २६ वं कलम राखीव जंगलात आग लावणं, किंवा जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटती ठेवणं, हा गुन्हा ठरवतं. संरक्षित जंगलासाठी ३३ वं कलम आहे. सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनींसाठी एक वेगळं प्रकरण आहे. झरे, नद्या आणि तळी यांचं पाणी टिकावं, डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये, अशा कारणांसाठी खासगी जंगलात किंवा पडीक जमिनीवर गवत-झुडूप जाळायला बंदी करण्याचा अधिकार त्यात सरकारला दिला आहे. म्हणजे डोंगर जळला की झरा आटतो, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळत होतं. पण त्यांना सुचला तो उपाय एकच: मनाई.

या कायद्याचं ७९ वं कलम मात्र मला आज तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. हे कलम म्हणतं, की ज्याला राखीव किंवा संरक्षित जंगलात काही हक्क आहे, ज्याला तिथे गुरं चारायची किंवा लाकूडफाटा, वनउपज आणायची परवानगी आहे, त्याने जंगलातल्या आगीची खबर कळताच ती विझवायला निघालं पाहिजे. अधिकाऱ्याने बोलावलं असो वा नसो! जंगलाच्या जवळ लागलेली आग जंगलात शिरू नये म्हणूनही त्याने कायदेशीर मार्गाने झटलं पाहिजे. हे कर्तव्य आणखी कोणावर आहे? जंगलाला लागून असलेल्या गावात जो सरकारचा नोकर आहे, किंवा लोकांच्या सेवेबद्दल ज्याला सरकारकडून मोबदला मिळतो, त्याच्यावर. पोलीस पाटील आला, ज्यांना आपण अजून तलाठी म्हणतो ते आले. आणि गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक यातून सुटतो असं मला तरी वाटत नाही. हे कर्तव्य चुकवलं तर मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. चुकण्याला सबळ कारण होतं हे सिद्ध करण्याचा भारही त्याच माणसावर टाकला आहे.

कलम वाचून काय दिसतं? एक तर त्यात आगीनंतरची धावपळ आहे, आगीआधीची तयारी नाही. दुसरं म्हणजे त्यातलं कर्तव्य एकाच दिशेने वाहतं. गावकऱ्याने जंगल वाचवायचं. जंगलातून खाली शेताकडे आग आली, तर ते शेत, ती काजूची बाग वाचवण्याचं कर्तव्य या कलमाने कोणावरही टाकलेलं नाही. शेजारधर्म म्हटला की तो दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. इथे तो एका बाजूने सक्तीचा आणि दुसऱ्या बाजूने मर्जीचा आहे.

याला जोडून २६ व्या कलमाचं एक पोटकलम आहे. राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा घोर हलगर्जीपणाने आग लावली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनउपजाचे हक्क काही काळ बंद ठेवता येतात. लावली एकाने, हक्क गेले सगळ्या गावाचे. दंडाचा धाक बसावा हा हेतू असेल. पण गावात त्याचा परिणाम काय होऊ शकतो, याचा विचार करा. ज्याने आग लावणारा पाहिला, तो तोंड उघडेल की मिटेल? जिथे खबर देण्याने स्वतःचीच चराई बंद होण्याची भीती, तिथे खबर उशिरा पोचते. आणि वणव्यात एका तासाचा उशीर म्हणजे एक डोंगर.

वणवे लागतात कसे, हेही न लपवता बोललं पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. तेंदूला नवा फुटवा चांगला यावा म्हणून कुणी झुडपं जाळतो. कोकणात राब भाजतात. नवं गवत जोमाने येईल या समजुतीने माळ पेटवून देणारेही आहेत. यातली काही कामं पोटाची आहेत, त्यांना नुसतं ‘करू नका’ म्हणून भागत नाही. पण राब भाजायचाच तर भोवतीचा पाला झाडून, शेजाऱ्याला सांगून, सकाळच्या शांत वेळी भाजता येतो. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून काढता येतो. बंदीपेक्षा वेळापत्रक जास्त उपयोगी पडतं, आणि वेळापत्रक एकट्याने करता येत नाही.

वाटेल की ही छोट्या गावाची छोटी गोष्ट आहे. तर २०२३ च्या मार्च महिन्यात गोव्यात काय झालं ते आठवा. म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी लागल्या, आणि त्या विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आकाशातून पाणी ओतू लागली. त्या भागात अभयारण्य, खासगी जमिनी आणि काजूच्या बागा शेजारी शेजारी आहेत. हेलिकॉप्टर येतं ते आग हाताबाहेर गेल्यावर. त्याच्या आधीचं काम कोयत्याचं, दाताळ्याचं आणि एकत्र बसून ठरवण्याचं असतं.

हाच पेच आपल्याआधी आणखी एका देशाला पडला होता. त्याने कायद्याने तो कसा सोडवायला घेतला, हे पाहणं उपयोगाचं आहे. तो देश अमेरिका. तिथे पश्चिमेकडच्या भागात रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांना १८६२ पासून सरकारने जमिनी दिल्या, त्या एकाआड एक चौरस मैलाच्या तुकड्यांनी. एक तुकडा कंपनीचा, शेजारचा सरकारचा. नकाशावर बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखं दिसतं! त्यात संस्थानांसारखी स्वतंत्र कारभाराची राज्यं, मूळ आदिवासींच्या राखीव जमिनी, खासगी रानं. १९१० च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेला, आयडाहो आणि माँटाना राज्यांत अशी आग भडकली की सुमारे ३० लाख एकर रान जळालं आणि ऐंशीच्या वर माणसं मेली. त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली होती.

पुढच्याच वर्षी, १९११ च्या मार्चमध्ये, तिथे ‘वीक्स कायदा’ झाला. त्यातली युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. केंद्र सरकार राज्याला वणव्यापासून संरक्षणासाठी पैसे देईल, पण दोन अटींवर. राज्याने आधी स्वतःचा वणव्याचा कायदा आणि व्यवस्था केलेली असली पाहिजे, आणि केंद्र देईल त्याहून कमी पैसा राज्याने घालता कामा नये. म्हणजे दानही नाही आणि हुकूमही नाही. दोघांनी वर्गणी काढून करायचं काम. १९२४ च्या कायद्याने हे सहकार्य वाढवलं आणि खासगी रानांचं संरक्षण त्यात जास्त आलं.

पण त्या कायद्यांतही एक उणीव राहिली. सगळे एकत्र आले ते आग विझवायला. १९३५ साली तिथल्या वनखात्याने नियम केला, की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. तिथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या थोडं थोडं गवत हंगाम पाहून जाळत असत, तेही बंद पडलं. परिणाम असा झाला, की कित्येक रानांत वर्षानुवर्षं काडीकचरा साचत गेला आणि पुढची आग आधीपेक्षा मोठी झाली. विझवण्यासाठी एकी आणि तयारीसाठी आपापली हद्द, हे जमत नाही, हे समजायला त्यांना खूप वर्षं लागली.

मग कायदे बदलू लागले. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या आगींनी आदिवासींच्या राखीव जमिनी होरपळल्या. २००४ साली कायदा झाला, की आदिवासींच्या जमिनीला लागून असलेल्या सरकारी रानात धोका असेल, तर तिथली साफसफाई करण्याचं काम आदिवासी स्वतः मागू शकतात. कोलोराडो राज्यात २००० साली एक तरतूद प्रयोग म्हणून सुरू झाली होती. केंद्राच्या रानात लागून असलेलं काम राज्याच्या वनखात्याने करावं, अशी ती. तिचं नावच मोठं बोलकं आहे: ‘भल्या शेजाऱ्याचा अधिकार’. २०१४ साली ती सगळ्या देशाला लागू झाली, आणि २०१८ साली जिल्हे आणि आदिवासी यांनाही त्यात घेतलं. पाहिलंत ना, प्रश्न तोच आहे. माझं रान वाचवणारी रेषा तुझ्या हद्दीत आहे, तर मला तुझ्या हद्दीत येऊन काम करू दे. तिथे कायद्याने त्या कामाला दार उघडून दिलं.

कायदा झाला म्हणून तिथे आग थांबली असं मात्र कुणी समजू नये. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव जळालं आणि त्या आगीत ८५ माणसं गेली. दार उघडलं तरी त्यातून कुणीतरी कोयता घेऊन जावं लागतं. पण दारच बंद असेल, तर जाणाऱ्याचीही वाट अडते.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे असं दार कुठे आहे का? थोडंसं आहे. संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आपल्या ओळखीच्या आहेत. त्या शासन निर्णयांवर उभ्या राहिल्या. २०१८ साली केंद्र सरकारने वणव्यांविषयी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात गावकऱ्यांना बरोबर घेण्यावर भर आहे. पण आराखडा म्हणजे कायदा नव्हे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची जागा ओळखते आणि नाव नोंदवलेल्या माणसाला मोबाइलवर इशारा पाठवते. ही सोय उत्तम आहे. पण उपग्रह आग कुठे आहे ते सांगतो, तिथे कोणी जायचं ते सांगत नाही.

कायद्याचं खरं दार आहे ते २००६ च्या वनहक्क कायद्यात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार हा कायदा देतो. त्याचं पाचवं कलम ग्रामसभेला जंगल राखायचं बळ देतं. आणि २०१२ साली सुधारलेल्या नियमांत म्हटलं आहे, की ग्रामसभेच्या समितीने आपल्या जंगलाचा आराखडा करावा आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडून घ्यावा. ‘जोडून घ्यावा’ हे शब्द माझ्या मते लाख मोलाचे आहेत. १९२७ च्या कायद्यात गावकरी हा धावून येणारा मजूर होता. इथे तो आराखडा मांडणारा धनी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला. देशात तो अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक.

तरीही उणीव आहेच. वनहक्क कायदा जंगलाच्या जमिनीवर चालतो. शेतकऱ्याचा वरकस माळ आणि त्याच्यावरचं जंगल, गायरान आणि पलीकडच्या तालुक्याची धार, हे सगळं एका वेळी एका कागदावर आणणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. तो हवा. त्यात तीन गोष्टी असाव्यात असं मला वाटतं. जाळरेषेची जागा डोंगराच्या आकाराने ठरावी, हद्दीने नव्हे. एकाचा पैसा आणि श्रम दुसऱ्याच्या जमिनीवर, लेखी संमतीने, गुन्हा न होता वापरता यावेत. आणि कर्तव्य दोन्ही बाजूंनी असावं: गावाने जंगल राखावं, तसं वनखात्यानेही आपल्या हद्दीतून खाली येणाऱ्या आगीपासून गावाचं शेत राखावं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर गावाने हात बांधून बसायचं कारण नाही. दिवाळी झाली की ग्रामसभेत एक विषय वणव्याचा ठेवा. त्या सभेला वनरक्षक, वनपाल, तलाठी आणि धारेपलीकडच्या गावची चार माणसं बोलवा. डोंगराचा एकच नकाशा मांडा, सातबाऱ्याचे तुकडे नसलेला. धार कुठे, ओढा कुठे, रस्ता कुठे, त्यावर रेषा ओढा. राखीव जंगलात काम करायचं असेल तर वनक्षेत्रपालांची लेखी परवानगी आधी घ्या, म्हणजे कोयता उचलणारा गुन्हेगार ठरणार नाही. माळाच्या मालकांची संमती इतिवृत्तात लिहून ठेवा. राब भाजायचे दिवस ठरवा. फेब्रुवारी लागला की कोणत्या पाळीला कोण, त्यांचे फोन कोणते, हे शाळेच्या भिंतीवर लावा.

आणि गुरुजी, तो नकाशा काढण्याचं काम तुमच्या मुलांना द्या. ती गुरांमागे, करवंदांमागे रोज त्या डोंगरावर असतात. ओढा कुठे वळतो आणि धार कुठे खाली येते, हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे, आणि हद्दीचा दगड कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही. या नकाशाला नेमकं तेच पाहिजे आहे.